डावा मारतो, उजवा सांभाळतो : वॉल्टर लिंड्रमची गोष्ट

पूल किंवा बिलियर्ड्स खेळणारा माणूस कधी नीट बघितलाय का? आपलं सगळं लक्ष असतं त्याच्या मागच्या हाताकडे. क्यू म्हणजे ती लांब काठी त्या हातात असते, तो हात पुढे-मागे झुलतो आणि टक्‌ करून बॉल मारतो. टाळ्याही त्यालाच! पुढचा हात मात्र टेबलाच्या हिरव्या कापडावर नुसता टेकलेला. ना हलणं, ना डुलणं. या पुढच्या हाताला खेळाडू ब्रिज म्हणतात. सिव्हिलवाल्यांनी खूश व्हायला हरकत नाही!

मराठी विभागासाठी एखाद्या खेळाडूवर लिहायचं ठरलं तेव्हा मैत्रिणींनी सचिनपासून सानियापर्यंत सगळी नावं सुचवून झाली. मी मात्र असा माणूस निवडलाय जो १९६० सालीच हे जग सोडून गेला, आणि ज्याच्या आयुष्यात हा पुढचा, गप्प बसणारा हातच सगळ्यात महत्त्वाचा ठरला. नाव वॉल्टर लिंड्रम. देश ऑस्ट्रेलिया. खेळ बिलियर्ड्स. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मध्येमध्ये इंग्रजी शब्द डोकावतील. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं ही विनंती.)

आधी खेळ समजून घेऊ. बिलियर्ड्सचं टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. सहा पॉकेट्स आणि बॉल फक्त तीन : दोघा खेळाडूंचा एकेक आणि एक लाल. आपला बॉल मारला आणि तो बाकीच्या दोन्ही बॉलना लागला की झाला कॅनन, त्याचे २ गुण. समोरचा बॉल पॉकेटमध्ये घातला तरी गुण, आणि आपलाच बॉल दुसऱ्याला लागून पॉकेटमध्ये गेला तरीही गुण. लाल असेल तर ३, नाहीतर २. म्हणजे बघा, कॅरममध्ये स्ट्रायकर गेला की दंड, आणि इथे चक्क बक्षीस! गुण मिळत राहतील तोपर्यंत पाळी तुमचीच. एका पाळीत जमवलेल्या एकूण गुणांना ब्रेक म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ब्रिज. हात कापडावर टेकवायचा, बोटं फाकवायची, बोटांची टोकं कापडात रोवल्यासारखी घट्ट दाबायची आणि मधली पेरं थोडी वर उचलायची. अंगठा तर्जनीला चिकटवून वर उभा करायचा. दोघांच्या मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार होते. त्या खाचेतून क्यू सरकतो. हा झाला उघडा ब्रिज. दुसरा प्रकार वेढ्याचा. त्यात तर्जनी क्यूवरून वळवून अंगठ्याला टेकवतात, म्हणजे क्यू एखाद्या रिंगमधून गेल्यासारखा जातो. अमेरिकन पूलमध्ये हा जास्त दिसतो. बॉल कुशनला चिकटलेला असेल तर हात टेबलाच्या काठावरच टेकवावा लागतो. मध्ये दुसरा बॉल आडवा आला तर बोटांच्या टोकांवर हात उभा करून त्याच्यावरून मारावं लागतं. प्रकार कुठलाही असो, नियम एकच. फटका पूर्ण होईपर्यंत हा हात हलता कामा नये.

हलला तर काय होईल? मी मेकॅनिकलची, त्यामुळे वहीच्या मागच्या पानावर हिशेब केलाच. समजा ब्रिजपासून मागच्या हातापर्यंत अंतर ८० सेंटिमीटर. मागचा हात अगदी बरोबर चाललाय, पण ब्रिज फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकला. म्हणजे क्यूची दिशा १/८०० रेडियनने बदलली, एका अंशाच्या चौदाव्या भागाइतकी. दिसणारही नाही. पण तो बॉल २ मीटर गेला की अडीच मिलिमीटर बाजूला असतो. बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर. इतक्या गोल वस्तूवर अडीच मिलिमीटर बाजूला टक्कर झाली की समोरचा बॉल जवळपास पावणेतीन अंश वाकडा निघतो. पुढच्या एका मीटरमध्ये तो पावणेपाच सेंटिमीटर चुकतो. पॉकेटचं तोंड साधारण ९ सेंटिमीटर, त्यात बॉलच्या केंद्राला दोन्ही बाजूंना मोकळीक पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे गेली संधी! स्पिन, घर्षण वगैरे सगळं सोडून दिलंय बरं का, ते धरलं तर प्रकरण आणखी अवघड आहे.

वर्कशॉपमध्ये लेथवर लांब जॉब लावला की मधोमध स्टेडी रेस्ट बसवतात. तो स्टेडी रेस्ट स्वतः काहीच कापत नाही. पण तो नसेल तर जॉब थरथरतो आणि टूल कितीही चांगलं असलं तरी फिनिश बिघडतं. ब्रिज म्हणजे या खेळातला स्टेडी रेस्ट. आणि आता आपण वॉल्टरकडे जाऊ, कारण त्याचा हा स्टेडी रेस्ट लहानपणीच अपुरा झाला होता.

वॉल्टर अल्बर्ट लिंड्रमचा जन्म २९ ऑगस्ट १८९८ चा, वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्ली गावातला. सोन्याच्या खाणींचं गाव. नावाची आद्याक्षरं डब्ल्यू आणि ए, म्हणजेच त्या राज्याच्या नावाची आद्याक्षरं. घराणं बिलियर्ड्सचं. आजोबा नावाजलेले खेळाडू, वडील ऑस्ट्रेलियाचे विजेते, थोरला भाऊ फ्रेड हाही पुढे ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक विजेता झाला. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात ना, तसंच काहीसं. अशा घरातला मुलगा क्यू हातात धरणार हे ठरलेलंच होतं.

पण १९०१ साली, वॉल्टर जेमतेम तीन वर्षांचा असताना, एका अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक तुटलं. विचार करा, तीन वर्षांचं पोर आणि उजव्या हाताचं मुख्य बोट! दुसऱ्या एखाद्या घरात हा विषय तिथेच संपला असता. लिंड्रमांच्या घरात मात्र त्याला डाव्या हाताने खेळायला शिकवलं गेलं.

आता इथे जरा थांबा. बहुतेक लेखांमध्ये ही गोष्ट एका ओळीत उरकतात : बोट तुटलं म्हणून डावखुरा झाला, पुढे चला. पण डाव्या हातात क्यू आला म्हणजे उजवा हात सुटला का? मुळीच नाही. तो पुढे आला! डावखुऱ्या खेळाडूचा ब्रिज उजवा हात असतो. म्हणजे जे बोट तुटलं होतं तेच आता आयुष्यभर हिरव्या कापडावर टेकणार होतं. क्यू ज्या खाचेतून सरकतो तिची एक भिंत म्हणजे तर्जनी, आणि ती तर्जनी टोकाशिवायची. जखमी हाताला सुट्टी मिळाली नाही, त्याला फक्त दुसरं काम मिळालं. आणि मघाच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात आलंच असेल, ते काम काही सोपं नव्हतं.

वडील शिस्तीचे कडक. त्यांनी वॉल्टरकडून तासन्‌तास सराव करून घेतला. किशोरवयातच तो व्यावसायिक सामने खेळू लागला. १९२० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात त्याच्याशी बरोबरीने खेळेल असा माणूस सापडणं कठीण झालं. या खेळाची राजधानी तेव्हा लंडन होती आणि वॉल्टर होता तिथून हजारो मैल लांब. मग १९२९ साली इंग्लंडचा मोठा खेळाडू विली स्मिथ ऑस्ट्रेलियाला आला. दोघांत सामने झाले, एक याने जिंकला, एक त्याने. तिसरा सामना निकाली ठरणार होता. पण त्याच वेळी वॉल्टरची पत्नी रोझी वारली आणि तो सामना पूर्णच झाला नाही. दुःख पचवायलाही फारसा वेळ न घेता त्याच वर्षी तो स्मिथ आणि न्यूझीलंडचा क्लार्क मॅककॉनकी यांच्याबरोबर इंग्लंडला निघाला. वय एकतीस.

इंग्लंडमध्ये जे झालं ते आपल्याला क्रिकेटच्या भाषेत सांगितलं की पटकन कळेल. १९३० च्या उन्हाळ्यात डॉन ब्रॅडमनने इंग्लंडमध्ये पाच कसोटींत ९७४ धावा ठोकल्या. त्याच्या आदल्या हिवाळ्यात दुसरा एक ऑस्ट्रेलियन लंडनच्या बिलियर्ड्स हॉलमध्ये नेमकं हेच करत होता. हजार-हजारचे ब्रेक, एकामागून एक! इंग्लंडचे दिग्गज खुर्चीत बसून राहायचे, कारण पाळीच यायची नाही. १९ फेब्रुवारी १९३१ रोजी बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजे पाचवे जॉर्ज यांच्यासमोर त्याने खेळ करून दाखवला. राजांनी त्याला सोन्याच्या कफलिंक्स दिल्या. त्या तो पुढे आयुष्यभर वापरत असे.

आणि मग आली १९ आणि २० जानेवारी १९३२. जागा लंडनचा थर्स्टन्स हॉल, समोर जो डेव्हिस. जो डेव्हिस म्हणजे कुणी साधासुधा नाही, स्नूकरची जागतिक स्पर्धा १५ वेळा जिंकलेला माणूस. त्याच्याविरुद्ध वॉल्टरने एका पाळीत केले ४,१३७ गुण. वेळ लागला २ तास ५५ मिनिटं, म्हणजे आपल्या तीन तासांच्या पेपरला पाच मिनिटं कमी! पुन्हा वहीचं मागचं पान काढलं. एका फटक्याला दोन-तीन गुण धरले तर हे चौदाशे ते दोन हजार फटके होतात. दर पाच ते साडेसात सेकंदांना एक. दर वेळी तो उजवा हात नव्या जागी टेकायचा, बोटं रोवायची, खाच तयार करायची, आणि हलायचं नाही. दोन हजार वेळा एक मिलिमीटरसुद्धा नाही!

हे त्याने केलं कसं? त्याचं उत्तर आहे नर्सरी कॅनन. तिन्ही बॉल कुशनजवळ एकत्र आणायचे आणि इतक्या हळुवार मारायचं की कॅनन तर होईल, पण बॉल जेमतेम सरकतील आणि पुन्हा एकमेकांजवळच राहतील. मग पुढचा कॅनन. मग पुढचा. बॉलची ती छोटीशी वरात कुशनच्या कडेकडेने चालत राहते. यात ताकदीचं काम जवळपास शून्य. मागचा हात नुसतं गोंजारल्यासारखं करतो. खरी परीक्षा पुढच्या हाताची. ब्रिज बॉलच्या अगदी जवळ, कधी कापडावर, कधी टेबलाच्या काठावर, आणि प्रत्येक फटक्याला बॉलबरोबर किंचित पुढे सरकून पुन्हा स्थिर. ज्या हातातून क्यू काढून घेतला होता, त्या हाताने विश्वविक्रम उचलून धरला. मला ही गोष्ट कळली तेव्हा अंगावर काटा आला होता, खरंच.

पण मित्रांनो, गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला जास्त विचार करायला लावतो. वॉल्टर इतका चांगला खेळायला लागला की लोकांना बघायचा कंटाळा येऊ लागला! तुम्हीच सांगा, तासन्‌तास टेबलाच्या एका कोपऱ्यात तेच तेच कॅनन. बॉल सरकतात की नाही हे मागच्या रांगेतून दिसतही नाही, आणि समोरचा खेळाडू नुसता बसलेला. चूक झाली की नाट्य घडतं. इथे चूकच होत नव्हती. शेवटी नियामक मंडळाने नियम बदलला. ठराविक गुण झाले की, सुरुवातीला दर २०० गुणांमागे एकदा, आपला बॉल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आखलेली बॉक रेषा ओलांडून गेलाच पाहिजे. म्हणजे ती वरात मोडायची, बॉल लांब पाठवायचा आणि सगळं पुन्हा जमवायचं. नियम सगळ्यांनाच लागू होता, पण रोख कोणाकडे होता हे जगजाहीर होतं.

एवढ्यावर एखादा रुसून बसला असता. वॉल्टरने काय केलं? तो नव्या नियमानेही खेळला आणि जिंकला. १९३३ साली लंडनला जो डेव्हिसला हरवून तो जागतिक विजेता झाला. १९३४ साली पुन्हा तोच डेव्हिस, या वेळी मेलबर्नला, आणि पुन्हा वॉल्टरच. त्यानंतर व्यावसायिक बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा कित्येक वर्षं झालीच नाही. वॉल्टर १९५० साली निवृत्त झाला तेव्हाही विजेतेपद त्याच्याकडेच होतं, आणि त्याच्या नावावर ५७ विश्वविक्रम होते.

स्पर्धा का झाली नाही? कारण तिकिटं काढणारे लोक हळूहळू स्नूकरकडे गेले. स्नूकर म्हणजे १८७५ साली आपल्या जबलपूरला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुरू केलेला रंगीबेरंगी बॉलचा खेळ. जो डेव्हिसनेही आपलं बस्तान तिकडेच बसवलं. गंमत म्हणजे वॉल्टरचा भाचा होरेस लिंड्रमही स्नूकरमध्येच नाव कमावून गेला. एका माणसाने खेळ इतका परिपूर्ण केला की त्या खेळात प्रेक्षकांना बघण्यासारखं काही उरलं नाही. हा विजय म्हणायचा की पराजय? हॉस्टेलमध्ये यावर आमचा रात्री दीडपर्यंत वाद झाला. रूममेटचं म्हणणं, खेळाडू लोकांसाठी खेळतो, लोकच गेले तर विक्रम काय कामाचा. माझं मत वेगळं आहे. बॉल जवळ ठेवणं हेच त्या खेळातलं सगळ्यात अवघड कसब होतं आणि ते त्याने शेवटपर्यंत नेलं. लोकांना ते दिसलं नाही, कारण ते पुढच्या हातात होतं आणि लोक बघत होते मागच्या हाताकडे.

आणि लोकांसाठी काही केलं नाही असंही नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा वॉल्टर चाळिशी ओलांडलेला होता. त्याने ऑस्ट्रेलियाभर फिरून मदतनिधीसाठी प्रदर्शनीय सामने खेळायला सुरुवात केली. असे हजारो खेळ त्याने केले आणि त्यातून पाच लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली. त्या काळचे पाच लाख पौंड! याच कामासाठी त्याला १९५१ साली एमबीई आणि १९५८ साली ओबीई हे सन्मान मिळाले. स्पर्धेतला तो नर्सरी कॅनन कंटाळवाणा वाटणारे लोक इथे मात्र ट्रिक शॉट्स बघायला गर्दी करायचे. म्हणजे करमणूक करणं त्याला येत नव्हतं असं नाही. कुठे काय करायचं हे त्याला ठाऊक होतं.

३० जुलै १९६० रोजी क्वीन्सलंडमधल्या सर्फर्स पॅराडाइज इथे वॉल्टर गेला. वय एकसष्ट. त्याचं थडगं मेलबर्नच्या मोठ्या दफनभूमीत आहे आणि ते चक्क बिलियर्ड्सच्या टेबलाच्या आकाराचं आहे. वर दगडी बॉल आणि क्यू. दफनभूमी बघायला येणारे लोक तिथे हमखास थांबतात.

त्याच्या मृत्यूच्या दोनच वर्षं आधी, १९५८ साली, कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा जिंकली ती विल्सन जोन्स यांनी. जन्म पुण्याचा, कर्मभूमी मुंबई, आणि कुठल्याही खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय मानले जातात. पुढे मुंबईच्याच मायकल फरेरा यांनी १९७८ साली १,१४९ चा ब्रेक केला. १९९२ साली गीत सेठी यांनी १,२७६ चा. इंग्लंडने बाजूला ठेवलेला हा खेळ आपल्याकडच्या हातांनी जिवंत ठेवला, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यातून आपण काय घ्यायचं? मी काही भाषण देणार नाही, कारण मेसची बेल कधीही होईल. पण एक सांगते. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला एक जण लेव्हलमधून बघतो, रीडिंग ओरडून सांगतो, बुकात नाव त्याचं. आणि लांब उन्हात एक जण स्टाफ सरळ धरून उभा असतो. तो जरा कलला की सगळी रीडिंग्ज वाया. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये, लॅबमध्ये, घरी, सगळीकडे असा एक स्टाफ धरणारा असतोच. लॅबमधले जे काका आपल्या आधी येऊन मशिन चालू स्थितीत आहे की नाही बघून ठेवतात, ते त्यातलेच.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी पूल खेळताना दिसलं, तर मागचा हात सोडा. पुढचा बघा. तो स्थिर असेल तर बॉल कुठे जाणार हे तुम्हाला फटक्याआधीच कळेल.